नो डिस्प्ले : काळ्या पडद्याची पन्नास वर्षे

संगणक दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात दहा मिनिटे उभे राहिले, तर ‘नो डिस्प्ले’ हे दोन शब्द कानावर पडतातच. गिऱ्हाईक सांगत असते, की बटण दाबले, पंखा फिरला, दिवाही लागला, पण पडद्यावर काही आले नाही. काउंटरमागचा माणूस पावतीवर तेवढेच दोन शब्द लिहून घेतो. हे रोगाचे नाव नव्हे, नुसते लक्षण. वीजपुरवठा, प्रोसेसर, मेमरी, चित्र उमटवणारे कार्ड, मदरबोर्ड, त्यावरच्या चिपमधल्या सुरुवातीच्या आज्ञा, यांतले काहीही बिघडले तरी लक्षण हेच. पोटदुखीची शंभर कारणे असावीत आणि रोगी मुका असावा, तशी ही अवस्था.

यंत्र कंपनीकडून तयार आलेले असेल, तर कंपनीला फोन करता येतो. सुटे भाग आणून घरी जोडलेल्या यंत्राच्या बाबतीत ती सोय नसते. प्रत्येक भागाचा विक्रेता आपला भाग ठणठणीत असल्याचे सांगतो आणि पुष्कळदा ते खरेही असते. भाग सगळे चांगले असतात, त्यांचे एकमेकांशी जमलेले नसते. मग त्या न जमण्याची चौकशी कोणी करायची? ज्याने जोडले त्याने.

घरी बांधलेल्या संगणकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा यशाच्या बाजूने सांगितला जातो. गॅरेजमध्ये सुरुवात करून अब्जाधीश झालेल्या तरुणांच्या कथा मराठीतही भरपूर आल्या आहेत. त्या टेबलांवरची यंत्रे जेव्हा सुरूच झाली नाहीत तेव्हा माणसांनी काय केले, हा प्रश्न मागे राहतो. मला या लेखात तोच इतिहास मांडायचा आहे. तो पाहताना मला दोन वाटा दिसतात. एक, यंत्राला आपले दुखणे सांगायला शिकवण्याची. दुसरी, शेजाऱ्याच्या चालू यंत्रातला भाग मागून आणून आपल्या यंत्राला लावून पाहण्याची. पहिली वाट तंत्राची, तिच्याबद्दल माहितीपुस्तिका आहेत. दुसरी माणसांच्या आपसातल्या व्यवहाराची. तिची नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही, आणि माझ्या मते ‘घरी बांधलेला संगणक’ ही गोष्ट प्रामुख्याने तिच्यावर उभी राहिली.

आपल्याच खांद्यावर चढण्याचा पेच

प्रथम ‘बूट होणे’ म्हणजे काय ते पाहू. संगणकात एखादा प्रोग्रॅम भरायचा, तर तो आत आणणारा दुसरा प्रोग्रॅम आधीपासून आत असावा लागतो. मग त्या दुसऱ्याला आत कोणी आणले? आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलण्याची एक अशक्य कल्पना इंग्रजीत पूर्वीपासून आहे. १९५० च्या दशकात संगणकवाल्यांनी या पेचासाठी तीच उचलली आणि ‘बूटस्ट्रॅप’चे पुढे ‘बूट’ झाले. आपल्याच खांद्यावर आपल्याला चढून बसता येत नाही, हे आपणही जाणतो. पेच तोच आहे.

त्याची एक फार सुंदर सोडवणूक केंब्रिज विद्यापीठात झाली. तिथल्या एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालला. त्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी अवघ्या ३१ आज्ञांची एक मालिका रचली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर ती तारांनी कायमची बसवलेली होती. बटण दाबले, की त्या आज्ञा मेमरीत उतरत आणि पुढची कागदी टेप वाचू लागत. आजच्या संगणकाच्या पोटातल्या बायॉस चिपचा मूळपुरुष म्हणून मी या ३१ आज्ञांकडे पाहतो.

त्या काळात संगणक बांधणारा आणि दुरुस्त करणारा यांत भेद नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेलेला आणि १९६० साली कामाला लागलेला संगणक याच जातीचा. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. ज्या यंत्रात अशा नळ्या हजारोंनी असतात, त्यात बिघाड शोधणे हे रोजच्या कामाचाच भाग असते. केंब्रिजला काय किंवा मुंबईला काय, यंत्र बंद पडले तर ते उघडणाऱ्याला त्यातला प्रत्येक जोड माहीत असे, कारण तो त्याच्याच गटाने दिलेला असे. अडचण आली ती संगणक अशा माणसांच्या घरी पोहोचला तेव्हा, ज्यांच्या मागे कोणतीही संस्था नव्हती.

खटके आणि दिवे

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाची निळसर पेटी झळकली. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की इथल्या एमआयटीएस या छोट्या कंपनीचे हे यंत्र. सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरला, जोडायचे आपले आपण. गंमत अशी, की मुखपृष्ठावरची पेटी आतून रिकामी होती. मूळ नमुना मासिकाकडे पाठवताना वाटेतच गहाळ झाला आणि छायाचित्रासाठी घाईने एक पोकळ पेटी तयार करण्यात आली. घरगुती संगणकाचे जगाला झालेले हे गाजलेले दर्शन असे कधीही सुरू न होणाऱ्या यंत्राचे होते.

संच घरी आला, की शेकडो जोडांचे सोल्डरिंग. एक जोड कच्चा राहिला किंवा शिशाचा थेंब दोन रेषांवर पसरला, तरी यंत्र निपचित. अल्टेअरला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. दर्शनी पट्टीवर खटक्यांची रांग आणि लाल दिव्यांची रांग, एवढाच माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद. मेमरी २५६ बाइट, म्हणजे हा एवढा परिच्छेदही त्यात मावणार नाही. खटके वरखाली करून एकेक आज्ञा हाताने भरायची आणि वीज गेली, की पुन्हा पहिल्यापासून.

पण या कष्टांत एक मोठी सोय दडलेली होती. कोणत्याही पत्त्यावर मेमरीत काय आहे, ते खटका दाबून दिव्यांवर पाहता येई. प्रोसेसरला थांबवून एकेक पाऊल चालवता येई. दिवे अडले, तर कुठे अडले ते दिसे. म्हणजे यंत्र बोलत नव्हते, पण त्याची नाडी उघडी होती. बिघाड शोधण्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्यानंतरच्या बहुतेक घरगुती संगणकांनी आपले अंतरंग इतके उघडे ठेवलेले नाही.

याच खटक्यांशी निगडित एक प्रसंग संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी बेसिक ही भाषा रचली, तीही अल्टेअर न पाहता, हार्वर्डच्या मोठ्या संगणकावर त्याची नक्कल करून. १९७५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत ॲलन कागदी टेप घेऊन विमानाने अल्बुकर्कीला निघाले आणि विमान उतरत असताना त्यांच्या लक्षात आले, की टेप यंत्रात वाचून घेणारा तो पहिला छोटा प्रोग्रॅम आपण लिहिलेलाच नाही. त्यांनी तो तिथेच बसल्या जागी कागदावर लिहिला. मग अल्टेअरच्या खटक्यांवरून तो भरला, टेप वाचली गेली आणि टेलिटाइपने मेमरी किती आहे असा प्रश्न छापला. दोन अधिक दोन किती, असे विचारल्यावर चार हे उत्तर आले. मायक्रोसॉफ्ट या कंपनीचा जन्म एका बूट लोडरवर अडला होता.

ज्यांच्या मागे असे कोणी नव्हते, त्यांनी मंडळ काढले. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये ३२ जण जमले. हाच ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’. पुढे या सभा स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या आणि ली फेल्सेनस्टाइन त्यांचे सूत्रसंचालन करू लागले. सभेचे दोन भाग असत. पहिल्या भागात कोणीही उठून आपल्याकडे काय आहे, काय हवे आहे, कुठे अडले आहे, ते सांगे. दुसऱ्या भागात सगळे उठून ज्याला ज्याची गरज, त्याला गाठत. संगणकाच्या इतिहासात या मंडळाची आठवण काढली जाते ती ॲपलचा जन्म तिथे झाला म्हणून. सभेचा आराखडा पाहिला, तर ते अडलेल्या माणसांचे मंडळ होते. अल्टेअरची ४ के मेमरीची कार्डे बेभरवशाची निघाली, तेव्हा मंडळातल्याच बॉब मार्श यांनी सोबत्याबरोबर चांगली कार्डे बनवून विकायला सुरुवात केली. एका बिघाडातून एक धंदा उभा राहिला.

याच मंडळींपैकी स्टीव्ह डॉम्पियर यांना अल्टेअरशेजारी रेडिओ ठेवला, की प्रोग्रॅम चालताना रेडिओत चित्रविचित्र खरखर येते असे आढळले. त्यांनी त्या खरखरीचे सूर बसवले आणि एप्रिल १९७५ मध्ये मंडळाच्या सभेत यंत्राकडून गाणे वाजवून घेतले. जुन्या मोठ्या संगणकांनाही कर्णे जोडलेले असत. आवाजाची लय बदलली, की प्रोग्रॅम कुठे अडला ते राखणदाराला कळे. यंत्र दाखवत नसेल तेव्हा त्याला ऐकावे, हा धडा पुढे कामी आला.

एक बीप

स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९७६ साली ॲपल वन तयार केला तेव्हा खटक्यांची रांगच काढून टाकली. २५६ बाइटचा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी कायमस्वरूपी चिपमध्ये बसवला. रीसेटचे बटण दाबले, की पडद्यावर एक तिरकी रेघ उमटे, म्हणजे यंत्र जागे झाले. हाताने आज्ञा भरण्याचा ताप संपला. पण त्याबरोबर ती उघडी नाडीही गेली. ती रेघ उमटली नाही, तर का नाही, हे सांगणारे दिवे आता नव्हते. आज आपण ज्याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतो तो आजार खऱ्या अर्थाने इथे जन्माला आला. पडदा असल्याशिवाय काळा पडदा असू शकत नाही.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला आणि या आजारावर एक पद्धतशीर उपाय दिला. बटण दाबल्यावर वीजपुरवठ्याचा भाग आधी स्वतःचा दाब स्थिर झाल्याची खूण मदरबोर्डला देतो. ती मिळाल्याशिवाय प्रोसेसर हलत नाही. मग प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरून चिपमधल्या आज्ञा वाचू लागतो आणि पहिले काम करतो ते आत्मपरीक्षणाचे. आधी स्वतः प्रोसेसर, मग ती चिप, घड्याळ, मेमरीचा पहिला तुकडा आणि त्यानंतर पडद्याचे कार्ड. सगळे नीट असेल, तर एक छोटा बीप. कीबोर्डची तक्रार असेल, तर पडद्यावर ३०१ हा आकडा.

इथे एक साधी पण नेमकी अडचण होती. पडद्याची पाळी येण्यापूर्वीच काही बिघडले असेल, तर ते पडद्यावर कसे सांगणार? म्हणून आवाज. छोटा लाउडस्पीकर चालवायला फारसे काही लागत नाही. एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे पडद्याच्या कार्डात दोष. पुढे १९८४ च्या पीसी एटी या यंत्राने आणखी एक सोय केली. परीक्षणाची प्रत्येक पायरी सुरू होताना तिचा क्रमांक एका ठरावीक दारावर पाठवला जाई. त्या दारावर दोन आकडे दाखवणारे कार्ड बसवले, की कोणत्या पायरीवर गाडी अडली ते वाचता येई. अल्टेअरचे दिवे असे मागच्या दाराने परत आले. आता ते मालकाऐवजी मेकॅनिकच्या खिशात होते.

आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत या आज्ञांची संपूर्ण संहिता छापली होती. ती वाचता येत होती, नक्कल करता येत नव्हती. मग कॉम्पॅकने आणि नंतर १९८४ मध्ये फिनिक्स या कंपनीने एका गटाकडून फक्त वर्तनाचे वर्णन लिहून घेतले आणि मूळ संहिता न पाहिलेल्या दुसऱ्याच गटाकडून नवी संहिता लिहवली. फिनिक्सनंतर अवॉर्ड आली, भारतीय वंशाच्या सुब्रमोनियन शंकर यांनी सहकाऱ्यासह १९८५ साली स्थापलेली अमेरिकन मेगाट्रेंड्स आली. बायॉस चिप कोणालाही विकत मिळू लागली, तैवानी मदरबोर्ड स्वस्त झाले आणि सुटे भाग जोडून आयबीएमसारखाच संगणक घरी बांधणे जगभर शक्य झाले. मात्र प्रत्येक कंपनीची बीपांची बोली वेगळी. एकीच्या यंत्राने तीन बीप दिले, तर मेमरी, आठ दिले तर चित्राची मेमरी. दुसरीचा हिशेब निराळा. चिपवर कोणाचे लेबल आहे हे पाहिल्याखेरीज रडण्याचा अर्थ लावता येत नसे.

लॅमिंग्टन रोडचे शास्त्र

आपल्याकडे १९८४ चे नवे संगणक धोरण आणि १९९१ नंतरची आयातीची मोकळीक यांमुळे ‘असेंबल्ड’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत शिरला. कंपनीचा संगणक परवडत नसे, असेंबल्ड परवडे. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठायचा. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी त्या नावाने कोणी मदरबोर्ड आणायला गेल्याचे मला आठवत नाही. पुण्यात रेडिओचे सुटे भाग मिळवण्यासाठी तपकीर गल्ली होतीच. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडणाऱ्या हातांनीच पुष्कळ ठिकाणी संगणक उघडला, आणि या हातांनी स्वतःचे एक शास्त्र तयार केले. ते पुस्तकात नव्हते. नव्वदीच्या दशकात या दुकानांत मी बराच वेळ घालवला, म्हणून त्यातले काही इथे नोंदवून ठेवतो.

पहिले कलम विजेचे. एसएमपीएसच्या पाठीवर एक लाल खटका असे. त्यावर २३० दिसते आहे का, ते आधी पाहायचे. तो ११५ वर असेल, तर आपल्याकडच्या विजेने एसएमपीएसचा फटाका होई. दुसरे कलम तारांचे. जुन्या मदरबोर्डाला वीज देणारे दोन जुळे कनेक्टर असत आणि ते उलटसुलट बसू शकत. उलटे बसले, तर बोर्ड संपला. त्यासाठी सूत्र होते, काळ्याशेजारी काळी. दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स पद्धतीत एकच अखंड कनेक्टर झाला आणि हे सूत्र निकामी झाले. तिसरे कलम पितळी खुंट्यांचे. मदरबोर्ड कॅबिनेटला टेकू नये म्हणून त्या लावतात. भोक नसलेल्या जागी एखादी जास्तीची राहिली, तर ती बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करते. म्हणून संशय आला, की बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवायचा.

चौथे कलम खोडरबराचे. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात पेन्सिल खोडायच्या रबराने घासायचे, फुंकर मारायची आणि पट्टी खट् असा आवाज येईतो दाबून बसवायची. परदेशी तंत्रज्ञ याला नाके मुरडत, कारण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो. पण आपल्या चार महिन्यांच्या दमट पावसाळ्यानंतर त्या दातांवर जो थर साचतो, त्याच्यावर इतका स्वस्त उपाय दुसरा नव्हता.

पाचवे कलम सर्वांत महत्त्वाचे, वजाबाकीचे. यंत्र कशामुळे अडले याचा तर्क करत बसण्यापेक्षा, ज्याच्यावाचून ते जागे होऊ शकते ते सगळे काढून टाकायचे. हार्ड डिस्क, फ्लॉपी, साउंड कार्ड, मोडेम, सगळे बाजूला. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरीची एक पट्टी, पडद्याचे कार्ड आणि वीज, एवढ्यावर बीप येतो का ते पाहायचे. आला, तर एकेक भाग परत जोडत जायचे. ज्या भागाशी पुन्हा अंधार होईल तो गुन्हेगार. नाही आला, तर मेमरीही काढायची आणि ऐकायचे. मेमरी नसल्याबद्दल यंत्राने कळवळून बीप दिले, तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत.

हे शास्त्र मी एका प्रसंगी पणाला लागलेले पाहिले. १९९८ च्या दिवाळीच्या आधीचे दिवस होते. पुण्यातल्या एका छोट्या डीटीपी केंद्रात एका अंकाची मुद्रिते तपासायला मी रोज जात असे. तोवर मराठी छपाई खिळ्यांवरून संगणकावर आली होती. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने पीसीवर देवनागरी आणली होती, मागोमाग विंडोजवरचे मराठी फॉन्ट आले होते आणि गल्लीबोळांत अशी केंद्रे निघाली होती. केंद्राच्या मालकाने स्वतः जोडलेल्या यंत्रावर अंकाची दीडशेहून अधिक पाने होती. एके सकाळी बटण दाबले आणि काहीच उमटले नाही. संपादकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कवितांची दुरुस्त पाने फक्त त्या यंत्रात होती.

मालक शांत होता. त्याने समोरच्या क्लासमधल्या मुलाला हाक मारली. मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला, संपादकांकडे पाहून म्हणाला, “काका, पानं कुठे जात नाहीत. ती डिस्कवर आहेत, आजारी दुसरं कोणीतरी आहे. आधी डिस्क काढून आमच्या मशीनला लावू, पानं उतरवून घेऊ, मग याच्याकडे बघू.” अर्ध्या तासात सारी पाने क्लासच्या संगणकावर उतरली. मग वजाबाकी सुरू झाली. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, ३२ एमबीची एकेक. दोन्ही काढल्या तेव्हा यंत्राने लांबलचक बीप दिले. पहिली घासून बसवली, पडदा उजळला. दुसरी बसवली, अंधार. ती घासली, जागा बदलली, तरी अंधार. क्लासमधून तशीच एक पट्टी आणून दुसऱ्या जागेवर लावली, यंत्र सुरू. निदान पूर्ण झाले. क्लासची पट्टी परत गेली आणि उरलेल्या अर्ध्या मेमरीवर, प्रत्येक पान उलटायला वाट पाहत, अंक पूर्ण झाला. तो वेळेवर निघाला.

त्या दुपारी माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की बीपाने फक्त दिशा दाखवली. शेवटचा निकाल दिला तो समोरच्या क्लासमधून उसन्या आणलेल्या पट्टीने. आपली पट्टी वाईट आहे हे सिद्ध करायला चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी पट्टी लागते. दुकानदाराकडे ती असते. ज्याच्या घरी एकच संगणक आहे त्याच्याकडे ती कशी असणार? म्हणून घरी बांधलेला संगणक खरोखर एका घरात बांधला जातच नाही. त्याला मित्र लागतो, समोरचा क्लास लागतो, गल्लीतले दुकान लागते. होमब्रू मंडळाच्या सभेचा दुसरा भाग आणि पुण्याच्या बोळातली ही देवघेव यांत मला फरक दिसत नाही.

सव्वीस एप्रिल

या देवघेवीची कमाल पुढच्याच वर्षी पाहायला मिळाली. २६ एप्रिल १९९९ रोजी आशियात ठिकठिकाणी असंख्य संगणक एकाच दिवशी काळे पडले. भारतही त्यात होता. चेन इंग-हाउ या तैवानी विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा विषाणू त्या तारखेला जागा झाला. तारीख चेर्नोबिलच्या अपघाताची, म्हणून त्याला चेर्नोबिल असेही म्हणतात. तो हार्ड डिस्कची सुरुवात पुसून टाके, आणि शक्य असेल तिथे बायॉसच्या चिपमध्येही कचरा लिहून ठेवी. नव्या चिपा घरबसल्या सुधारता याव्यात म्हणून पुन्हा लिहिता येण्याजोग्या केल्या होत्या. त्याच दाराने हा आत शिरला. ज्या आज्ञांनी बीप द्यायचा त्याच नाहीशा झाल्या. इतकी वर्षे शिकवलेली भाषा यंत्र एका क्षणात विसरले.

यावर दुरुस्तीवाल्यांनी काढलेला मार्ग ऐकताना अंगावर काटा येतो. त्याच जातीचा चालू मदरबोर्ड शोधायचा. तो सुरू करायचा. सुरू असतानाच त्याची बायॉस चिप अलगद उपटून काढायची. यंत्र तरीही चालत राहते, कारण आज्ञांची प्रत मेमरीत उतरलेली असते. मग त्या रिकाम्या खाचेत मेलेली चिप बसवायची आणि चालत्या यंत्राकडून तिच्यात नव्याने आज्ञा लिहवून घ्यायच्या. एडसॅकच्या काळापासूनचा पेच, आपल्या खांद्यावर आपण कसे चढायचे, त्याचे उत्तर इथे सरळ होते. शेजाऱ्याच्या खांद्यावर चढायचे. त्यासाठी आपला धडधाकट बोर्ड जोखमीत घालायला तयार असलेला शेजारी मात्र हवा.

त्यानंतरच्या काही वर्षांत आणखी एक साथ आली. सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर फुगू आणि पाझरू लागले. तिथे बीप, कार्ड, पट्टी कशाचीच गरज नव्हती. झाकण उघडून डोळ्यांनी पाहिले, की फुगलेली टोपणे दिसत. रेडिओवाल्यांचा सोल्डरिंगचा हात पुन्हा उपयोगी पडला.

आजचा काळा पडदा

आज घरी संगणक बांधणारा मुलगा बहुधा खेळांसाठी किंवा व्हिडिओच्या कामासाठी बांधतो. त्याच्या कॅबिनेटमध्ये पुष्कळदा स्पीकर नसतो. त्याऐवजी मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, मेमरी, चित्र आणि बूट यांचे. जो पेटून राहतो तिथे अडले. महागड्या बोर्डावर ते दोन आकडेही असतात. काही बोर्डांवर तर असे बटण आहे, की प्रोसेसर बसवलेला नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायॉस नव्याने लिहिता येतो. १९९९ मध्ये ज्यासाठी शेजाऱ्याचा बोर्ड लागत होता, ते काम आता एकट्याने होते. पहिली वाट अशी खूप पुढे गेली आहे.

चुकांची यादी मात्र ओळखीची आहे. प्रोसेसरला वीज देणारा वेगळा कनेक्टर लावायचा राहणे, मेमरीची पट्टी अर्धवट बसणे, पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावणे, नव्या प्रोसेसरला जुना बायॉस न ओळखणे. त्यात एक नवी भर पडली आहे. नव्या डीडीआर-५ मेमरीशी जुळवून घेताना काही यंत्रे पहिल्या वेळी मिनिटेच्या मिनिटे काळा पडदा दाखवतात. आत सगळे ठीक चाललेले असते. नवखा माणूस घाबरून वीज बंद करतो आणि जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वाट पाहणे हेही आता निदानाचा भाग झाले आहे.

दुसरी वाट मात्र अरुंद होते आहे. अनेक लॅपटॉपांत मेमरी बोर्डलाच डाखलेली असते, साठवणही काहींत तशीच. समोरच्या क्लासमधून आणून लावून पाहण्यासारखे त्यात काही उरत नाही, आणि आजारी यंत्रातली डिस्क काढून पाने वाचवणेही तिथे शक्य नसते. त्याचे दुखणे कंपनीच्या केंद्रातच समजते आणि उत्तर बहुधा एकच येते, पूर्ण बोर्ड बदला. यंत्रे पातळ आणि हलकी झाली, क्वचित बिघडू लागली, हे खरे आहे आणि ते मला नको आहे असेही नाही. पण १९९८ साली त्या डीटीपी केंद्रात असे बंदिस्त यंत्र असते, तर दीडशे पाने त्याच्याबरोबर बंद झाली असती आणि समोरच्या मुलाला हाक मारूनही उपयोग नव्हता.

म्हणून सुट्या भागांचा संगणक जोडणारी मुले अजून आहेत याचे मला बरे वाटते. लॅमिंग्टन रोडवरची गर्दी ऑनलाइन खरेदीने पांगली, तरी भाग घरपोच येतात आणि जोडायचे काम घरच्याच टेबलावर होते. यंत्र पहिल्या दिवशी जागे होत नाही तेव्हा ही मुले अजूनही तेच करतात. सगळे काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडतात, एक पट्टी ठेवतात, कोणता दिवा पेटून राहतो ते पाहतात, आणि तरीही उलगडा झाला नाही, तर मित्राला फोन करून विचारतात, “तुझी रॅम तासाभरासाठी देतोस का?”